जोडपत्र : नळ, एक नग

४ मार्च
अकराच्या सुमारास सारजाबाई आली. साठीची, मेंढरं राखणारी. येरमाळ्याच्या पुढं, हायवेपासून आत, गावाबाहेर चार घरांची वस्ती. पिशवीतून नळ काढून टेबलावर ठेवला. खाली हातभर पाईप, त्याच्या बुडाला वाळलेली माती.
"ह्यो बघा साहेब, आमचा नळ. धरून वढला तर हातातच आला. खाली कायबी न्हाय."
ग्रामपंचायतीच्या कागदावर वस्तीला पाणी पोचलंय, फोटोसकट. तिची सून रोज हायवे ओलांडून घागरी आणते.
नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो, आता सरकारी योजनांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल. एवढ्या नोकरीत इतका स्वच्छ पुरावा कुणी टेबलावर ठेवला नव्हता. जबाब मीच सांगितला: "सदर नळ मी स्वतः उपटून आणला आहे." लिहून घेताना शेखताई थांबल्या. आमच्या एका खोलीच्या ऑफिसातल्या एकुलत्या लिपिक.
"सर, 'उपटला' नको. 'निघाला' लिहू."
बाई बोलली ते लिहायचं, म्हणालो. पण बोलली कुठं होती? बोललो मीच. अंगठा घेतला. आवक रजिस्टरला नोंद – जोडपत्र : नळ, एक नग.
जाताना म्हणाली, "माजं नाव तेवढं गावात कळू दिऊ नका."

११ मार्च
तक्रारीची प्रत ग्रामसेवकाला, खुलाशासाठी. नावासकट, जबाबासकट. निनावी तक्रार नियमात बसत नाही.
दुपारी सारजाबाईचा फोन. "नाव सांगू नका म्हनलं व्हतं की." नियम समजावून सांगितला.  म्हणाली, बरं.

२ एप्रिल
वस्तीवर पाहणी. सरपंच शाल घेऊन हजर. शाल नाकारली (जरा जोरातच. लोक बघत होते). उरलेल्या तीन नळांखाली खणायला लावलं. माती, मुरूम, मुंग्या. पाईप हातभर, पुढं काही नाही.
शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, पाणी येतं का? कोरड्या नळाजवळच उभा होता. सरपंचाकडं बघत म्हणाला, "येतंय की."
सारजाबाई खळखळून हसली. ती हसायला नको होती.
ग्रामसेवक लई नम्र माणूस. निघताना जीपजवळ आला. "साहेब, चौथा नळ बाईनं स्वतः उपटला, असं तुमच्या जबाबात आहे ना? खात्री केलेली बरी." हो म्हणालो. फाईल वाचून आलाय, याचं कौतुकच वाटलं मला.

२१ एप्रिल
निकाल दिला. तक्रार सिद्ध. चारही घरांना तीस दिवसांत पाणी द्यावे. सही करताना हात हलका. घरी येऊन हिला अख्खा वाचून दाखवला. ही म्हणाली, छान लिहिलंय.

९ मे
हवालदार आला. सरपंचाची फिर्याद : सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. आरोपी सारजाबाई. पुरावा म्हणून हवं होतं – नळ, रजिस्टरच्या पानाची नक्कल, जबाबाची नक्कल.
दिलं. न देऊन कसं चालेल? त्यानं नळ माझ्या टेबलावर आपटून माती झटकली आणि पुडक्यात बांधला. शेखताईंनी ती माती कागदावर गोळा केली, खिडकीतून टाकली. 

३ जून
ग्रामपंचायतीचा अहवाल. तीन घरांना पाणी सुरू. चौथ्याबद्दल : "सदर नळ मुद्देमाल म्हणून जमा असल्याने व प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने जोडणी देता येत नाही."
तीनदा वाचलं. बोट ठेवायला जागा नाही. त्या खुर्चीत मी असतो तर असंच…

१७ जून
न कळवता गेलो. शेजारणीच्या दारात नळ वाहत होता, धार चांगली. म्हणालो, सारजाबाईला घागरभर द्या की.
"दिली तर आमचाबी बंद करत्याल. सरपंच दारात यून सांगून गेलाय."
"पण हे पाणी हिच्यामुळंच आलं ना?"
"व्हय. आमी कुटं न्हाय म्हनतो?" घागर उचलली, आत गेली.
सून माहेरी गेलीय. दोन वेळा हायवे ओलांडताना ट्रक अंगावर आला, म्हणाली आता न्हाय जमत. म्हातारी स्वतः आणते. मला तांब्या भरून दिला. नको म्हणता येईना. अर्धा प्यालो, उरलेलं तिनं परत घागरीत ओतलं.
"शेजारच्यांवर राग धरू नका साहेब. लेकराबाळांची मानसं हायती."
माझ्यावर राग धरलाय का, हे विचारायला गेलो होतो. विचारलं नाही.

८ जुलै
वरच्या कार्यालयाचं पत्र. प्रकरणं वेळेत निकाली काढल्याबद्दल समाधान. माझ्या मुदतवाढीचा विचार चालू आहे. यादीत सारजाबाईचं प्रकरणही 'निकाली'.
ते पुन्हा उघडायची परवानगी मागितली होती, त्याचं उत्तर त्याच लिफाफ्यात. न्यायप्रविष्ट. उघडता येणार नाही.

१९ सप्टेंबर
समन्स. सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून. म्हणजे सारजाबाईविरुद्ध. जबाब मी घेतला, सही माझी.
शेखताई : "सर, आजारी पडा."
पुढच्या तारखेला बोलावतील, म्हणालो.
"मग आठवत नाही म्हणा."
शपथेवर खोटं कधी बोललो नाही. तसं त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी 'निघाला' लिहिलं असतं तर ते खोटं होतं का, सर?"
समन्स घडी करून खिशात ठेवलं. 

६ ऑक्टोबर
वाशीला तालुक्याचं कोर्ट. सकाळची एसटी. येरमाळ्याला सारजाबाई चढली. धुतलेलं लुगडं, हातात समन्सचा कागद घडी करून. मला बघून तोंड उजळलं. शेजारी येऊन बसली.
"तुमी बी निगालाव? म्हनलं, येकटीनं कसं हुबं ऱ्हावं तितं. तुमी हाव म्हंजी काळजी न्हाय. साहेब खरं तेच सांगत्याल."
खरं तेच सांगणार आहे. तीच तर…
वाशी येईपर्यंत ती मेंढरांचं बोलत होती. मी कुणाच्या बाजूनं आलोय, सांगायला दोनदा तोंड उघडलं.
एक वाजेपर्यंत बाकावर. मग कळलं, न्यायाधीश रजेवर. पुढची तारीख सत्तावीस नोव्हेंबर.
"माज्यापायी परत तरास तुमाला," म्हणाली. परतीच्या गाडीत दोघं उभेच. येरमाळ्याला उतरताना दांडी धरून मागं वळली.
"तवाबी ह्याच गाडीनं येनार न्हवं? माजी जागा धरून ठिवा, साहेब."
धरतो, म्हणालो.