तिसरा रास्क

प्रिय काइसा,

अक्षर ओळखू येणार नाही. उजवा हात पुलापाशीच राहिला, डाव्याने लिहितोय. घाबरू नकोस, भुतं पत्रं लिहीत नाहीत. मी जिवंत आहे.

सुया-रिबिनी विकणारा आंत्ती काल इथे आला आणि मला पाहून मटकन खालीच बसला. "अरे, तुझ्यासाठी चर्चची घंटा वाजली! काइसा काळा रुमाल बांधून फिरतेय!" झालं ते असं. जखमींच्या गाड्या नदीपार होईपर्यंत आमच्या तुकडीने रशियनांना थोपवायचं होतं. गोळी झाडायची, मागे सरायचं, पुन्हा बंदूक ठासायची. सैनिक म्हणून मला मिळालेलं नाव रास्क, म्हणजे चपळ, आणि मी कसा ते तुला ठाऊक आहे. मी दूध काढायला बसलो की गायीला झोप लागते म्हणायचीस. कॉर्पोरल ओरडत होता, "रास्क, नावाला तरी जाग, बैलोबा!" शेवटची गाडी पलीकडे गेली, सगळे धावले, मी आपला ठासतोच आहे. मी अजून पुलावरच, तेवढ्यात आपल्याच लोकांनी पूल पेटवला. मला पाण्यात पडताना पाहून सगळ्यांनी मेलेला धरलं, त्यात त्यांची चूक नाही. रशियनांनीच मला बाहेर ओढलं. तुळईखाली चिरडलेला हात त्यांच्या वैद्याने कापला, भला माणूस होता. आता तळ्याकाठच्या म्हाताऱ्या कोळ्याकडे राहतो. गाड्या सगळ्या सुखरूप पोचल्या, याचं मला फार बरं वाटतं.

आंत्तीने आणखीही सांगितलं. ज्या शेतकऱ्यांना मिळून एक सैनिक पोसावा लागतो, त्यांनी माझ्या जागी नवा ठरवलाय. सुगी आटपली की तो आपल्या घरात येईल आणि रास्क होईल. दारू पीत नाही म्हणे. पहिला रास्क तापाने गेला तेव्हा मलाही असंच घर मिळालं, नाव मिळालं, आणि त्या घरात तू होतीस, त्याची विधवा. नव्याशी लग्न कर, नाहीतर बाहेर पड, एवढंच त्यांनी तुला सांगितलं होतं. तू लग्न केलंस. त्याला रास्क म्हणायचीस, मलाही रास्कच म्हणत आलीस. तुला छप्पर हवं होतं की मी, हे विचारायचा मला कधी धीर झाला नाही. त्यापेक्षा रशियन परवडले.

आता विचारतो. एका हाताचा माणूस सैनिक नसतो, त्यामुळे ते घर आता माझं नाही. तुला तिथेच राहायचं असेल तर हे पत्र चुलीत घाल. आंत्ती तोंड उघडणार नाही, मी मेलेलाच राहीन आणि तुला कधी बोल लावणार नाही. यायचं असेल तर त्याच्याबरोबर ये. इथे जाळी ओढायचं काम आहे आणि निजायला एक खोली आहे, तीही गळते. आणि आलीस तर मला रास्क म्हणू नकोस.

तुझाच,
हेइक्की