कडूताईच्या घराची भिंत

सावेडी, अहिल्यानगर
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

ती. कडूताईस,
आसारामचा पाया पडून नमस्कार. इकडे आम्ही ठीक. तुमची बाजरी सोंगून झाली का?

सकाळपासून दोनदा तुला फोन लावला. "हां, बोल आसा," म्हणालीस आणि दोन्ही वेळा मी बाजरीचंच विचारून ठेवला. म्हणून गावाकडे निघालेल्या शमशेरभाईंच्या जीपने ही चिठ्ठी पाठवतोय. हातातलं काम टाकून आधी वाच.

भिंती रंगवायचं काम कधीच संपलं. मग फ्लेक्स आले, आता तेही कमी झाले. मी मोबाईलवरच्या जाहिराती करतो, त्या जुन्या डॉक्टरच्याही. खाली नंबर माझाच असतो, आलेली नावं मी दवाखान्याला कळवतो. काल एक नाव आलं. ज्ञानेश्वरी, वय चोवीस, ऊसतोडीला जायच्या आधी गर्भपिशवी काढायची आहे. दवाखान्याने सोमवारी बोलावलंय.

तुझीच लेक, ताई. तिला जाऊ देऊ नकोस.

वीस वर्षांपूर्वी तुझ्या घराची भिंत मी फुकट रंगवून दिली आणि तिच्यावर याच डॉक्टरची जाहिरात लिहिली: 'कॅन्सर होण्याआधी पिशवी काढा.' तू खाली उभी राहून विचारलंस, "खरंच व्हतो का रं कॅन्सर?" मी शिडीवरूनच म्हणालो, "व्हय ताई, डॉक्टरच म्हनला."

तो तसं म्हणाला नव्हता. लोक यायला पाहिजेत, जोरात लिही, एवढंच म्हणाला होता. कॅन्सर मी घातला. ओळ झकास जमली म्हणून खूशही झालो. पंधरा दिवसांत तू ऑपरेशन करून आलीस. सत्तावीस वर्षांची होतीस. तीच ओळ कालपर्यंत मोबाईलवर चालू होती.

तुझी हाडं दुखतात, अंगाची आग होते, तू उसाच्या मोळ्यांना दोष देतेस. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी चार वर्षांपूर्वीच विचारलं होतं. कोवळ्या वयात पिशवी काढली की असं होतं, म्हणाल्या. मला तुझ्यासमोर यायची लाज वाटली आणि मी गप्प बसलो.

जाहिरात काल बंद केली. ज्ञानेश्वरीलाही फोन केला, पण ती ऐकत नाही. "आईनं पन केलंय की मामा, तिला कुटं काय झालं?" म्हणते.

काय झालं ते आता तूच तिला सांग. सोमवारी सकाळी मी येतो, तिला सरकारी दवाखान्यात दाखवू. मला घरात घेतलं नाहीस तरी चालेल.

तुझ्याशी खोटं बोललेला,
आसाराम