सळईच्या तीन फटक्यांबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
तपास अधिकारी, फाउंड्री मारहाण प्रकरण,
कोल्हापूर.

विषय : श्रीमती सरुबाई यल्लाप्पा कुरणे हिच्यावरील गुन्हा काढून तो अर्जदारावर दाखल करणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराने इस्पितळात दिलेला दि. ११ फेब्रुवारी १९८५ चा जबाब. तो खोटा आहे.

महोदय,

अर्जदार अरविंद दत्तोपंत हेर्लेकर, वय ३१, राहणार शिवाजी पेठ, हा शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत कॉम्प्युटर चालवतो, म्हणजे चालवत होता. अक्षर डाव्या हाताचे असल्याने वाकडे आले आहे, ते कृपया चालवून घ्यावे. उजव्या हाताची पाच हाडे मोडली आहेत. ती का मोडली हे सांगण्यासाठीच हा अर्ज.

१. सदर कॉम्प्युटर भट्टीतल्या लोखंडाच्या रसाची उष्णता मोजून आकडा भट्टीवरच्या पाटीवर दाखवतो. त्याच्या आत ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा मूळ प्रोग्राम असतो, तो यंत्राचा मुकादम समजावा. यंत्राची मेमरी, म्हणजे आकडे साठवायची जागा, कधी कधी बिघडते आणि ठेवला त्यापेक्षा वेगळाच आकडा परत देते. तसे झाले की मुकादमाला कळते. आमचा मुकादम फार कडक. एक जागा बिघडली की तो सगळे यंत्रच बंद पाडायचा. दिवसातून तीन तीनदा पाटी अंधारी व्हायची आणि मालक अर्जदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. एकदा त्यांनी फोनचा रिसीव्हर फेकून मारला, त्याची खूण भुवईवर आहे.

२. यावरचा खरा उपाय अर्जदारास ठाऊक होता. चूक दिसली की तीच जागा पुन्हा वाचून पाहावी. तिसऱ्यांदाही चूकच आली तर ती जागा कायमची बाजूला काढावी, तिच्यातला आकडा टाकून द्यावा, पाटीवर तसे कळवावे आणि बाकीचे काम चालू ठेवावे. तालमीत एका पैलवानाचा खांदा निखळला तर वस्ताद त्याला हौद्याबाहेर घेतो. तालीम बंद करत नाही, आणि त्या खांद्याने लढूही देत नाही. हा बदल लिहायला पंधरा दिवस लागले असते. अर्जदाराने दुपारच्या चहाआधी दोन ओळी लिहून टाकल्या : चूक आली तर मोजून ठेव, बोलू नकोस, पुढे चल. मालकांनी पाठ थोपटली. अर्जदार आठवडाभर हवेत होता, हेही नमूद करतो.

३. दि. ७ फेब्रुवारी रोजी सकाळी पाटीवर १५४० होते. मागाहून कागद तपासता खरी उष्णता १६६८ निघाली. एका बिघडलेल्या जागेने १२८ अंश गिळले होते. भट्टीवाला यल्लाप्पा कुरणे, वीस वर्षे रस बघणारा माणूस, अर्जदाराच्या खोलीत येऊन म्हणाला, "सायेब, रस पांढरा पडलाय. तुमचा आकडा खोटं बोलतोय की." अर्जदाराने त्याला सांगितले, "डोळा चुकतो यल्लाप्पा, यंत्र चुकत नाही. पंधराशे साठ होईपर्यंत वीज बंद करायची नाही." तो म्हणाला, "बरं. तुमी शिकल्याली माणसं," आणि परत भट्टीवर गेला.

अकरा मिनिटांनी भट्टीचे आतले अस्तर फुटले. रस भोवतीच्या पाण्याच्या नळ्यांवर गेला आणि भट्टी बॉम्बसारखी उडाली. छपराचे पत्रे रस्त्यावर जाऊन पडले. यल्लाप्पा पेटला तेव्हा उभाच होता. तो चालत अर्जदाराच्या काचेच्या खोलीपर्यंत आला. त्याने काचेवर हात टेकला आणि कातडी काचेलाच राहिली. पाटीवर तेव्हाही १५४० होते.

४. फाउंड्रीच्या अहवालात मयत दारूच्या अमलाखाली होता असे लिहिले आहे. यल्लाप्पा दारूला शिवत नव्हता. मॅनेजरांनी सांगितले आणि अर्जदाराने ते टाईप केले, उजव्या हाताने. अर्जदारास याची लाज वाटते.

५. दि. १० रोजी यल्लाप्पाची बायको सरुबाई नवऱ्याची रस ढवळायची सळई घेऊन गेटवर उभी होती. तिने बेसावध गाठून जिवे मारण्याचा प्रयत्न केला, असा जबाब अर्जदाराने मॅनेजर उशाशी बसले असताना दिला. घडले ते असे. तिने विचारले, "आकडा कुणी लिवला?" अर्जदार म्हणाला, यंत्राने. सळई मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज साठ कामगारांनी ऐकला, एकही पुढे आला नाही. तिने तेच पुन्हा विचारले. अर्जदार म्हणाला, यंत्राने. दुसरा फटका बोटांवर बसला. अर्जदार गुडघ्यावर आला. तिने तिसऱ्यांदा विचारले, उत्तर तेच दिले, आणि फरशीवर टेकलेल्या त्याच हाताचा तिने चेंदा केला. मग सळई डोक्यावर उगारून तिने चौथ्यांदा विचारले. अर्जदार म्हणाला, "मी लिहिला."

तिने सळई खाली टाकली. पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "मग एवढंच सांगाय काय झालतं?"

६. तरी विनंती की सरुबाईस आजच सोडावे, दारूचा मजकूर खोटा असल्याची नोंद व्हावी आणि अर्जदारास ताब्यात घ्यावे. अर्जदार घरीच असतो. कुलूप लावलेले नसते.

आपला शिपाई कधी येतो याची वाट पाहणारा,
अ. द. हेर्लेकर
(सही डाव्या हाताची)
दि. २५ फेब्रुवारी १९८५

सोबत :
१) अर्जदाराने लिहिलेल्या दोन ओळी.
२) यंत्राने न बोलता मोजून ठेवलेल्या चुकांचा कागद. दि. ७ रोजी सकाळपासून एकाच जागी ४१.
३) सळई सोबत जोडता आली नाही, ती पंचनाम्यात जप्त आहे. काम संपल्यावर ती सरुबाईस परत मिळावी. घरात यल्लाप्पाची तेवढीच वस्तू उरली आहे.