शहर पायांनी वाचायचं असतं

३ मार्च
उद्या परदेश दौरा. नगररचनेच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग, मी विभागप्रमुख आणि माझ्या हाताखालच्या प्राध्यापिका, मॅडम. व्हिसा, तिकिटं, हॉटेल, विमा वगैरे किरकोळ कामं मॅडमनी केली. बौद्धिक बाजू माझ्याकडे.
संकल्प: तिथल्या प्राध्यापकांवर छाप पाडायची. व्हिजिटिंग प्रोफेसर म्हणून बोलावलं तर लगेच हो म्हणायचं नाही, थोडं ताणायचं.
बायको म्हणाली, मुक्काम वाढला तरी चालेल, इकडची अजिबात काळजी करू नका. फार समजूतदार आहे.

४ मार्च, विमानात
शेजारच्या दोघांना शहरांच्या वाढीबद्दल सांगितलं. डोळे मिटून एकाग्रतेने ऐकत होते.

५ मार्च
पहिली पायी फेरी. नियम जाहीर केला: फोन बंद, नकाशे बंद. शहर पायांनी वाचायचं असतं. मुलं भारावून एकमेकांकडे बघू लागली.
जुनी बाजारपेठ गाठायची होती. नदी उजवीकडे लागायला हवी होती, ती लागलीच नाही. शेवटी सांडपाणी केंद्राच्या फाटकाशी पोचलो. मी म्हटलं, मुद्दामच आणलंय. बाजार काय, कुणीही दाखवेल. वर्गप्रतिनिधी नाक दाबून वहीत काहीतरी लिहीत होता. पोरगा होतकरू आहे.
एक मुलगी सारखी मागे पडते. कॅमेऱ्याने फोटो काढते, मोजमापं घेते, पायरी दिसली की थांबते. तिचं नाव ‘गोगलगाय’ ठेवलं. तीन जण हसले. बाकीचे मनातल्या मनात.

६ मार्च
गोगलगाय फुटपाथच्या उखडलेल्या फरशीवरून पडली. रडारड. घोटा जरा सुजला होता. मॅडम म्हणाल्या, दवाखान्यात नेऊ या. मी म्हटलं, लाडावून ठेवू नका, चाललं की मोकळा होतो. उठवलं तिला.
मग डेपो, पूल, कामगार वसाहत. ती भिंती धरून येत होती. तेवढ्यात मला सुचलं. सगळ्यांना थांबवून म्हटलं, पाहा, वृद्ध माणूस फुटपाथ कसा वापरतो. तिला पुलाच्या पायऱ्या पुन्हा एकदा चढून दाखवायला लावल्या. असं जिवंत उदाहरण पुस्तकात मिळत नाही! माझंच वाक्य मी लगेच वहीत टिपून घेतलं.

७ मार्च
मॅडमनी मला न विचारता तिला हॉस्पिटलात नेलं. हाड दोन ठिकाणी मोडलंय. डॉक्टर म्हणाला म्हणे, एक पडल्यामुळे, दुसरं चालल्यामुळे. म्हणजे पहिल्याशी माझा काडीचाही संबंध नाही. वर त्याने विचारलं, हिला यावर चालवलं कुणी? मॅडमनी माझं नाव हुद्द्यासकट सांगितलं. संदर्भ द्यायला मात्र त्या चुकत नाहीत.

८ मार्च
हॉस्पिटलात गेलो. सकाळीच भूल देऊन तिचं हाड बसवलं होतं. मोठ्या मनाने सांगितलं की तुझी गैरहजेरी लावणार नाही. तिने छताकडची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, “सर, माझं नाव काय?”
भूल उतरताना असं होतं. स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. मी म्हटलं, बाळा, आराम कर. शेजारच्या पलंगावरच्या आजींनी माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. आजारी माणसं चिडचिडी होतात.

९ मार्च
तिथल्या विद्यापीठात सादरीकरण. माझं भाषण चाळीस मिनिटांचं होतं. त्यांचे प्राध्यापक मधेच म्हणाले, धन्यवाद, आता विद्यार्थ्यांना ऐकू या. नम्रता! विद्यार्थ्यांना माझ्यानंतर बोलायचं दडपण येऊ नये म्हणून.
मॅडमनी गोगलगायीला व्हीलचेअरवरून आणलं होतं. ती पायऱ्या, उतार, उखडलेल्या फरश्या यांवर बोलली. मोडलेल्या पायाने चालताना कुठे काय धरायला मिळतं, याचा नकाशाच तिने केला होता. पुलाच्या पायऱ्या लाल रंगात. खाली टीप: ‘दोनदा चढले.’ सभागृह उभं राहिलं. मीही उभा राहिलो. उदाहरण शेवटी माझंच!
नंतर प्राध्यापक हात पुढे करून माझ्या दिशेने आले. मी कोटाचं बटण लावलं. ते म्हणाले, जरा बाजूला व्हाल का, तुम्ही उतारावर उभे आहात, तिला जायचंय. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी मॅडमना आणि तिला बोलावलंय. मला पत्र टपालाने येईल.

१० मार्च
प्राचार्यांचा फोन. आल्यावर आधी त्यांना भेटायचं, विभागाचा कारभार तूर्त मॅडमकडे. माझ्यावरचा भार कमी करताहेत.
तरी सावधगिरी म्हणून वर्गप्रतिनिधीला बोलावलं. म्हटलं, प्राचार्यांना सांग की दोष फरशीचा होता. तो म्हणाला, सर, आम्ही त्यांना कालच फोन केला. काय सांगितलंत? “जे झालं ते.” आम्ही म्हणजे किती जण, विचारलं. म्हणाला, सगळे.
त्या हसणाऱ्या तिघांचं विचारणार होतो. विचारलं नाही.

११ मार्च
परतलो. विमानात माझ्या दोन्ही बाजूंच्या मुलांनी जागा बदलून घेतल्या. पाय पसरता आले.
विमानतळाबाहेर पालकांची गर्दी. मॅडम व्हीलचेअर घेऊन पुढे गेल्या, जाताना सामानाची ट्रॉली माझ्या हातात दिली. तिचे वडील तिला गाडीत बसवून माझ्याचकडे आले. मी पालकांसाठी चार वाक्यं तयार ठेवली होती.
ते म्हणाले, “दादा, ती निळी बॅग जरा गाडीपर्यंत आणता का? आणि ते मोठे सर कुठायत? मला त्यांना भेटायचंय.” शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या.
मी म्हणालो, “ते मागून येताहेत.”
बॅग जड होती. गाडी पार्किंगच्या पार टोकाला. मागच्या सीटवर तिचा प्लास्टरमधला पाय आडवा. तिने मला पाहिलं, मग वडिलांना पाहिलं. मी बॅग छातीशी धरून उभा राहिलो. आता ती सांगणार.
“बाबा,” ती म्हणाली, “त्यांना थँक्यू म्हणा. लांबून चालत आलेत.”
ते म्हणाले. मी डिकी लावली आणि गाडीला वळता यावं म्हणून बाजूला झालो.