जाळ कमी कर

उचगाव, ता. ९ जानेवारी १९८४

दोस्त मीरासाब यास आकाराम गुळव्याचा रामराम.

बिबीजानवैनी आन पोरं खुशाल असतील. राधानगरीकडं थंडी लई असंल, जपून ऱ्हावा. हितं गणपतरावांचं गुऱ्हाळ जोरात हाय. औंदा ऊस गोड हाय. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे.

मी सतरा दिवस इस्पितळात हुतो. पोट फुगलं, डोळं पिवळं झालं. वीस वर्सांच्या दारूनं लिव्हर खाल्लंय म्हणं. डॉक्टरीणबाई खाटंजवळ बसून नीट समजावून सांगत हुत्या. लिव्हरात कोट्यवधी बारक्या पेशी असत्यात. त्या एकमेकींस्नी सारख्या निरोप धाडत्यात. साखर आली, साठीव. जखम झाली, भर. भरली, आता थांब. रोज दारू गेली की ह्या निरोपांचा घोळ हुतो. कुठं निरोप येऊन बी ऐकू जाईना, कुठं 'थांब' म्हणणारंच गप हुतं. मग भरणं थांबत न्हाय, वण वाढत जातो आन लिव्हर दगडागत हुतं.

मी म्हणलं, बाई, आमच्या गुऱ्हाळात बी असंच. रस उकळत्या काहिलीवर पाक बघणारा गुळव्या हाळी देतो, जाळ कमी कर. खाली चुलवाणापाशी जाळात उसाची वाळली चिपाडं घालणारा ती ऐकतो. न्हाय ऐकली, तर काहिलीतलं रसाचं आदण करपतं.

बाई म्हणाल्या, "असं कधी झालं होतं का?"

मी भिंतीकडं तोंड केलं.

मीरासाब, त्या दिवशी मी हाळी दिलीच न्हवती. सकाळपास्नं दोन गिलास पोटात हुतं. फेस चढला, रंग बदलला, मी नुसता बघत उभा. आदण करपलं तवा गणपतरावांस्नी सांगितलं, तीनदा वरडलो, मीरासाब बहिरा झालाय. एकोणीस वर्सं माझ्या आवाजावर जाळ राखणारा तू, टॉवेल झटकलास आन गेलास. त्या बहिरेपणाच्या नावापायी कुणी तुला चुलवाणापाशी उभं केलं न्हाय, ते समदं माझ्या कानावर येत हुतं. मी वरनं आणखी पीत हुतो.

आज तेवीस दिवस झालं, थेंब न्हाय. घरवाली शालूबाई पदराला डोळं पुसती, मी चहा मागतो. लिव्हरातलं कडक झालेलं परत मऊ हुणार न्हाय, पर उरलेलं राखता येतंय, असं बाई म्हणाल्या. तेवढं मी राखणार.

काल गुऱ्हाळात गेलतो. समद्या गड्यांम्होरं सांगितलं, बहिरा मीरासाब न्हवता, मी मुका हुतो. गणपतराव मग म्हणलं, त्याला बोलवून घे.

तवा ये. जुन्या जागी न्हवं. वासावरनंच पाक झाल्याचं तुला माझ्याआधी कळायचं, हे मला ठावं हुतं आन मी कवा बोललो न्हाय. काहिलीवर तू उभा ऱ्हा. मी खाली चुलवाणापाशी बसतो, झेपंल तेवढी चिपाडं सरकवतो. माफ कर न्हायतर करू नगंस, पर हाळी तू दे. मी ऐकीन.

तुझ्या आवाजाकडं कान लावून बसलेला,
आकाराम