दोन वेळा अठ्ठावन्न

३ फेब्रुवारी, सोमवार
पुन्हा अठ्ठावन्न! गेल्या महिन्यात चिमणीची बुद्धिचाचणी मी घेतली. आज पर्यवेक्षक साहेबांनी स्वतः घेतली, दुसऱ्या प्रश्नसंचावर. आकडा तोच. साहेब खूश — "बाई, दोघांचं मोजमाप जुळलं. आता घोडं कुठे अडलंय?" पुढच्या सोमवारी समिती बसणार आणि आठ वर्षांच्या या पोरीला वर्गातून उचलून लांबच्या विशेष शाळेत टाकणार.

अडलंय ते इथे — हीच पोर मधल्या सुट्टीत माझी हुबेहूब नक्कल करते! चष्मा सावरण्यासकट.

४ फेब्रुवारी
माझाच अहवाल काढून वाचला. "प्रश्न विचारला की मान फिरवते. लक्ष नाही." काय अक्कल पाजळली आहे!

५ फेब्रुवारी, बुधवार
सफाईच्या मावशी बोलता बोलता म्हणाल्या — "चिमणी मला नेहमी तिच्या उजव्या हाताला चालायला लावते. डावीकडून हाक मारली तर ओ देईल तर शपथ!"

तशीच चाचणीच्या खोलीत गेले. तिच्या खुर्चीत बसून पाहिलं. टेबल भिंतीला टेकलेलं, त्यामुळे विचारणारा बसणार तिच्या डावीकडेच. मीही, साहेबही. उजवीकडे खिडकी, आणि बाहेर पाण्याचा पंप — घर्र घर्र. खोटा काटा दहादा वापरा, दहादा तेच वजन! जुळलं म्हणे.

६ फेब्रुवारी
आईला रजा टाकायला लावली, चिमणीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा कान जवळजवळ बंद. आई ढसाढसा रडली. "हट्टी आहे म्हणून मारायचे हो मी तिला." मला तरी समजूत घालायला कुठे तोंड होतं?

७ फेब्रुवारी
साहेबांशी खडाजंगी. "तिसरी चाचणी नियमात बसत नाही." म्हटलं, बसवा. नाहीतर माझी सही मिळणार नाही.
"बाई, तुम्ही हट्टालाच पेटलात."
पेटलेच!

१० फेब्रुवारी, सोमवार
शनिवारी ग्रंथालयात घेतली. निराळी चाचणी, पंप नाही, मी उजवीकडे. ब्याण्णव! आज समिती वीस मिनिटांत उठली. चिमणी आपल्याच वर्गात राहणार — पहिला बाक, डाव्या भिंतीलगत. साहेबांनी चहा पाजला. चक्क स्वतः ओतून.

११ फेब्रुवारी
जुन्या फायलींचं कपाट उघडलं. नऊ वर्षं तेच टेबल, तीच खुर्ची. तिसऱ्याच फायलीत एक मुलगी. एकसष्ट, पुन्हा एकसष्ट. विशेष शाळेत रवानगी. खाली शेरा — "प्रश्न विचारला की मान फिरवते. लक्ष नाही."

अक्षर माझं. आता सोळा वर्षांची असेल ती. पत्ता उतरवून घेतलाय. उद्या जाते.