नसलेल्या पुलापर्यंत सायकलवरून

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगाला आठ अंगं लागतात. त्यातला डावा गुडघा, उजवा तळहात आणि हनुवटी सध्या पट्टीत आहेत, तेव्हा उरलेल्या अंगांनी केलेला हा नमस्कार मोठ्या मनानं पुरा धरून घ्यावा.) तुझी तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की एका कानानं कमी ऐकू येतं आणि त्यामुळे शेजाऱ्यांचा रेडिओ सुसह्य झाला आहे. ते पत्र चार वर्षांपूर्वीचं. एव्हाना दुसऱ्या कानानंही शेजाऱ्यांवर दया केली असेल तर कळव. आपण दोघं सख्खे भाऊ असून एकमेकांना वर्षा-दोन वर्षांनी हवामान कळवतो, आणि तेवढंसुद्धा तू गेली चार वर्षं कळवलेलं नाहीस. तक्रार नाही. इकडे हवा बरी आहे.

मी सायकलवरून पडलो. चौसष्टाव्या वर्षी सायकलवरून पडण्यासाठी आधी चौसष्टाव्या वर्षी सायकलवर बसावं लागतं, तेव्हा तिथपासून सांगतो. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक दातांचे डॉक्टर आहेत. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाहिल्यामुळे असेल, पण रविवारी त्यांना मोकळी हवा आणि बंद तोंडाची माणसं लागतात. त्यांनी एक मंडळ काढलं आहे. मोटारी नसलेल्या कच्च्या रस्त्यांवरून, खडीवरून, जंगलातून, डोंगरातून, जुनी गावं बघत सायकल चालवायची. त्यासाठी जाड टायरची वेगळी सायकल मिळते. तिची सीट मात्र जाड नसते. (ती कोणी बनवली त्याला एकदा भेटायची इच्छा आहे.) अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावे लागतात. ते घालून मी बाहेरच्या खोलीत आलो तेव्हा तुझ्या भावजयीनं उठून खिडकीचा पडदा लावून घेतला.

पण मला तिथं सायकलीसाठी बोलावलंच नव्हतं. डॉक्टरांना कुठून तरी कळलं की मी जन्मभर नकाशा कार्यालयात आरेखक होतो, आणि त्यांनी मला मार्ग आखायला सांगितलं. आता दादा, निवृत्त माणसाला त्याच्या कामाचं कोणी विचारलं की त्याचं काय होतं हे तुला सांगायला नको. मी दोन दिवस कपाट उपसलं, जुने छापील नकाशे जमिनीवर पसरले, त्यावर चहाचा कप ठेवला म्हणून हिच्यावर ओरडलो आणि अखेर एक झकास वाट काढली. टेकड्यांतून जाणारी, दोन्ही बाजूंना झाडी, वाटेत तीन जुनी गावं, एकात दगडी वेस, दुसऱ्यात पडका बुरूज, तिसरं नदीकाठी, आणि नदीवर पूल. पूल ओलांडला की अर्ध्या तासात डांबरी रस्ता आणि परत. नकाशाच्या कोपऱ्यात आरेखकाच्या सहीच्या जागी माझी सही होती. ती मी मंडळातल्या सगळ्यांना दाखवली. मोजणीदाराच्या जागी तुझी होती. ती कोणाला दाखवली नाही.

निघालो आम्ही तिघं. डॉक्टर, एक गणिताच्या बाई आणि मी. बाकीचे नऊ जण पहाटे उठल्यावर शहाणे झाले. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. जवळून त्यांना चढ असतो. पहिल्या टेकडीवर मी सायकल चालवली, दुसऱ्यावर ढकलली, तिसऱ्यावर तिनं मला ओढलं असं म्हणायला हरकत नाही. पण खोटं बोलत नाही, वाट सुरेख होती. एकही मोटार नाही, माणूस नाही. झाडांच्या सावलीत खडी चुरचुरायची तेवढाच आवाज. डॉक्टर दर दहा मिनिटांनी थांबून "काय शांतता आहे!" असं इतक्या मोठ्यानं म्हणत की ती मोडायची.

पहिल्या गावात वेस होती, कोरीव कमान होती, आणि कमानीच्या आत सगळ्या घरांना कुलपं होती. डॉक्टरांनी फोटो काढले. दुसऱ्या गावात बुरूज होता, एक म्हातारा होता आणि त्याचा कुत्रा होता. म्हाताऱ्यानं आमच्याकडं पाहिलं, मग आमच्या कपड्यांकडं, आणि कुत्र्याला घेऊन आत गेला. शाळेची इमारत होती, तिच्या फळ्यावर कुठल्या तरी वर्षाची तारीख तशीच होती. गणिताच्या बाई त्या फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "काका, इतकी बांधलेली गावं अशी ओस का पडली असतील?" मी म्हटलं, हल्ली सगळीकडं असंच आहे. (हे वाक्य मी आयुष्यात फार वापरलं आहे. कशालाही चालतं.)

तिथून नदीपर्यंत तीन किलोमीटर सलग उतार. मी पुढं झालो. जन्मभर मी कधी कशात पुढं झालो नाही, पण हा उतार माझा होता, हे वळण मी माझ्या हातानं काढलं होतं, आणि वळणानंतर सरळ पूल आहे हे मला तोंडपाठ होतं. ब्रेक न लावता वळलो. समोर रस्ता संपला, गवत आलं, मग हवा आली, मग नदी. सायकल काठावरच राहिली, मी तिच्या हँडलवरून गेलो. नशिबानं पाणी कमरेएवढं होतं. नशिबानं म्हणायचं, पण खाली गोटे होते.

मला बाहेर काढलं ते काठावरच्या पहिल्या घरातल्या बाईंनी. साठीच्या असतील. त्या धावतसुद्धा आल्या नाहीत, हातात आधीच दोर घेऊन, रोजचं काम असावं तशा चालत आल्या आणि मला विचारलं, "तुम्ही पण पुलावरनंच पडलात ना?" दर वर्षा-दोन वर्षांनी कोणी तरी नकाशा घेऊन येतं म्हणे. एकदा ट्रक आला होता. तेव्हापासून दोर दारामागच्या खुंटीलाच असतो.

मग त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. डॉक्टर माझी हनुवटी धूत होते (दातांना धक्का नाही हे कळल्यावर त्यांचा रस थोडा कमी झाला), त्या दोरवाल्या बाई चहा करत होत्या आणि पुलाची गोष्ट सांगत होत्या. गावानं पुलासाठी अर्ज केला. उत्तर आलं, नकाशानुसार सदर ठिकाणी पूल अस्तित्वात आहे. पुन्हा अर्ज केला, गावातली पंधरा माणसं जाऊन साहेबाला सांगून आली की आम्ही तिथंच राहतो, पूल नाही. साहेबानं नकाशा उघडून त्यांनाच दाखवला. असे एकोणीस अर्ज. पाणी वाढलं की चार महिने पलीकडं जाता यायचं नाही, बाजार पलीकडं, दवाखाना पलीकडं. आधी तरुण गेले, मग त्यांनी म्हाताऱ्यांना नेलं. ही मोटार नसलेली सुंदर शांत वाट, दादा, तिच्यावर मोटारी का नाहीत हे मला तेव्हा कळलं.

आणि मग बाई तुझ्याबद्दल बोलल्या. नाव त्यांना ठाऊक नाही, पण दुसरा कोण असणार? उंच, डावखुरा, जेवताना मोजवही मांडीवर ठेवणारा. त्या नव्यानंच लग्न होऊन आल्या होत्या. तू आठ दिवस त्यांच्या घरी राहिलास, त्यांच्या सासऱ्यांनी स्वतःची खाट तुला दिली, आणि निघताना तू काठावर उभं राहून म्हणालास की पूल इथंच व्हायला हवा, मी तसं लिहितो. "लिहिलंन की," त्या म्हणाल्या. "झाला म्हणून लिहिलंन. कार्यालयातनं तसंच सांगितलं आम्हाला. आमचं अन्न खाऊन गेला मेला. सासरे मरेपर्यंत म्हणायचे, माणूस तसा वाटला नव्हता."

डॉक्टरांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तुम्ही त्याच कार्यालयात होतात ना?" मी म्हटलं, "हो, पण वेगळ्या विभागात." आणि चहा प्यायलो. खाई त्याला खवखवे. तरी चहा सगळा संपवला.

तुला ठाऊक आहेच, किंवा ठाऊक नाही, चौतीस वर्षं मी हेच ठरवू शकलेलो नाही. झालेलं काम सलग रेघेनं काढायचं, होणारं तुटक रेघेनं. हे आरेखकाला पहिल्या दिवशी शिकवतात. तुझ्या मोजवहीत पूल तुटक होता. तुटक रेघ काढायची तर दर तुकड्याला पेन उचलावं लागतं, शाईचा थेंब पडण्याची भीती, आणि तो तुकडा-तुकडा चोख दिसायला हवा. नकाशाचा ताव त्याच दिवशी छपाईला जायचा होता, सगळे निघून गेले होते, मान भरून आली होती. मनात म्हटलं, आज ना उद्या पूल होणारच आहे. आणि पेन न उचलता रेघ ओढली. दोन सेकंद लागले असतील. फार सुबक आली होती, साहेबांनी तिचं कौतुक केलं.

पुढं दोन वर्षांनी पूल नसल्याचा बोभाटा झाला, चौकशी बसली. मला विचारलं, मोजवहीत पूल कसा दाखवला होता? मी म्हटलं, आठवत नाही. माझं लग्न ठरलं होतं, नोकरी कच्ची होती, ही सगळी कारणं आहेत आणि एकही पुरत नाही. तुला डोंगरातून उचलून सामानाच्या कोठीत बसवलं. ज्याला चार भिंतींत जेवण जात नसे त्यानं एकवीस वर्षं मोजणीच्या साखळ्या आणि झेंडे मोजून घेतले. गंमत अशी की चौकशी माणसाची होते, नकाशाची होत नाही. तुला हलवलं, नकाशावरचा पूल तिथंच राहिला. एवढ्या वर्षांत तो खराही झाला असेल असं धरूनच मी त्या वळणावर ब्रेक लावला नाही. आणि तू मला कधी, एकदाही, काही विचारलं नाहीस. तो मी तुझा चांगुलपणा समजत आलो. तो आता मला तसा वाटत नाही. तुला उत्तर ऐकायची लाज वाटत असेल. माझ्यासाठी.

बाकी सर्व ठीक. हिचा तुला नमस्कार. दुसऱ्या कानाला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. — गेल्या आठवड्यात नकाशा दुरुस्तीचा अर्ज घेऊन कार्यालयात गेलो होतो. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं की नकाशावरचा पूल काढायचा तर तो पडल्याचा दाखला लागतो, पडल्याच्या तारखेसह. मी म्हटलं, तो बांधलाच नव्हता. तो म्हणाला, मग पडला कसा? मूळ मोजवही दाखवलीत तर विचार करू, पण ती चौकशीच्या वेळीच हरवल्याची नोंद आहे.

दुसरा ता. क. — मोजवही हरवली नव्हती. चौकशीच्या दिवशी माझ्या खणात होती, त्यानंतर माझ्या घरी. पान एकसष्ट. तुटक रेघ, आणि वर तुझ्या अक्षरात 'प्रस्तावित'. ती आता कार्यालयात जमा केली आहे, माझ्या जबाबासकट. पोच सोबत जोडली आहे. तेवढं मला जमलं, कारण खिडकीवरच्या माणसानं मान वर करून पाहिलं नाही.

तिसरा ता. क. — या पत्राचं खरं काम आता सांगतो. त्या बाईंना अजून काही सांगितलेलं नाही. दोनदा गेलो, डॉक्टर गाडीतून सोडतात, पुढं थोडं चालावं लागतं. दोन्ही वेळा त्यांनी चहा दिला, तुला शिव्या दिल्या, आणि मी पिऊन परत आलो. एकटा गेलो तर तिसऱ्यांदाही असाच येईन. मी मला ओळखतो. तू शेजारी उभा असलास तर मला बोलावंच लागेल. ये. येता-जाता वाटेत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस तरी चालेल.